वर्षे कुठली कमी करायची?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर दिवसा दवाखाना चालवत आणि रात्री शास्त्रीय नियतकालिके वाचत बसत, असे त्यांना ओळखणारी मंडळी सांगतात. रोगी तपासणारा आणि रोगाविषयी प्रश्न विचारणारा माणूस एकच असावा, अशी त्यांची धारणा होती. आजचा विषय मी त्याच धाग्यातला निवडला आहे. ज्याने विज्ञानात पीएच.डी. मिळवली आहे आणि ज्याला आता डॉक्टर व्हायचे आहे, त्याच्याकडून वैद्यकीय शिक्षणाची सगळीच्या सगळी वर्षे करून घ्यावीत का? काही कमी करता येतील का? आणि येत असतील तर कुठली?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. वर्गातली वर्षे कमी करावीत. रोग्याच्या खाटेजवळचा एक दिवसही कमी करू नये. पुढचे सगळे बोलणे या दोन वाक्यांच्या समर्थनासाठी आहे.

आपल्याकडे आज काय चालते ते आधी पाहू. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. एकूण साडेपाच वर्षे. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. प्रवेश ‘नीट’मधून, म्हणजे बारावीच्या अभ्यासक्रमावर. पूर्वी कमाल वयाची अट होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये ती काढून टाकली. म्हणजे तिशीतल्या संशोधकाला आज दार बंद नाही. पण त्या दारातून आत आल्यावर त्याच्या मागच्या दहा वर्षांच्या अभ्यासाची किंमत शून्य धरली जाते. सतरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून त्याने तीच व्याख्याने ऐकायची, तीच जर्नले भरायची, थिअरीत पंचाहत्तर आणि प्रॅक्टिकलमध्ये ऐंशी टक्के हजेरी भरायची.

हा हिशेब माझ्यासमोर पहिल्यांदा मांडला तो आमच्या महाविद्यालयातल्या बायोकेमिस्ट्रीच्या एका प्राध्यापिकेने. त्या एमबीबीएस नव्हत्या, एम.एस्सी. आणि पीएच.डी. होत्या. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विषय शिकवणारे असे बिगर-डॉक्टर शिक्षक अनेक आहेत आणि कित्येक पिढ्यांचे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेले आहेत. एका संध्याकाळी आमच्या वॉर्डात बाविशीतली एक मुलगी दाखल झाली. मधुमेहातला कीटोॲसिडोसिस. श्वास खोल आणि जलद, तोंडाला फळासारखा वास, रक्तदाब खाली. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात क्रिएटिनिन बरेच वाढलेले. रेसिडेंट घाबरला. किडन्या गेल्या असे समजून त्याने डायलिसिससाठी फोनाफोनी सुरू केली. तेवढ्यात प्रयोगशाळेतून बाईंचा फोन आला. “कीटोन किती आहेत? आपली क्रिएटिनिनची पद्धत जाफेची आहे. त्यात ॲसिटोॲसिटेटसुद्धा रंग देते, आकडा खोटा चढतो. पाणी आणि इन्सुलिन चालू ठेवा, सहा तासांनी पुन्हा नमुना पाठवा.” शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे क्रिएटिनिन थोडे खरेही वाढले होते, पण बराचसा आकडा चाचणीतल्या त्या घोटाळ्याचा होता. सकाळपर्यंत तो उतरला. मुलीला डायलिसिसची नळी घालावी लागली नाही.

रिपोर्टवरचा आकडा आम्ही डॉक्टर निकाल म्हणून वाचतो. तो आकडा कुठल्या रासायनिक क्रियेतून आला आणि ती क्रिया कुठे फसते, हे बाईंना ठाऊक होते. चार-पाच वर्षे एकाच प्रश्नामागे लागलेल्या माणसाला ही सवय जडते. स्वतःचे मोजमाप चुकलेले असू शकते, हे त्याने अनेकदा सोसलेले असते. वॉर्डाला या सवयीची फार गरज आहे.

त्यानंतर बाई अधूनमधून आमच्या राउंडला येऊ लागल्या. एकदा त्यांनी सरळ विचारले, “सर, मला एमबीबीएस करता येईल का?” तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. प्रवेश परीक्षेच्या तयारीला एक वर्ष, एमबीबीएसची साडेपाच, पुढे एम.डी.ची तीन. वय त्रेचाळीसच्या पुढे. मग त्या म्हणाल्या, “आणि पहिल्या वर्षी माझ्याच खात्यात मला हजेरी लावावी लागेल. ज्या विषयाचा पेपर मी काढते, तोच सोडवायला बसायचं.” हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नव्हत्या. कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्या उत्तम शिक्षिका राहिल्या. पण वैद्यकशास्त्राने एक चांगली डॉक्टर गमावली, असे मी आजही मानतो.

बाईंसारख्या माणसांसाठी कुणी काही केले आहे का? केले आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वी.

अमेरिकेत १९७०च्या आसपास दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. अपोलो मोहिमेचा भर ओसरला, संशोधनाचा पैसा आटला आणि पीएच.डी. झालेले भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, इंजिनिअर नोकरीसाठी वणवण करू लागले. दुसरीकडे देशात डॉक्टर कमी पडत होते. मायामी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७१मध्ये या दोन्हींची सांगड घातली. नैसर्गिक विज्ञान, गणित किंवा अभियांत्रिकीत पीएच.डी. असलेल्यांना तिथे साधारण दोन वर्षांत एम.डी., म्हणजे तिथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी, घेता येऊ लागली. एरवी हा अभ्यासक्रम चार वर्षांचा. वर्गातला भाग काही महिन्यांत उरकायचा आणि मग थेट रुग्णालयात. परीक्षा मात्र इतरांचीच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा उपक्रम थांबला. तोवर सुमारे पाचशे जण त्यातून डॉक्टर झाले होते. कुणी प्राध्यापक झाले, कुणी विभागप्रमुख, आणि बरेच जण खासगी व्यवसायात गेले.

मायामीकडून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, हे होऊ शकते. पदार्थविज्ञानाची समीकरणे सोडवणारा माणूस तिशीनंतर औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र झपाट्याने शिकू शकतो, कारण शिकायचे कसे हे तो आधीच शिकलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की, वाट नुसती जवळची करून संशोधक-डॉक्टर तयार होत नाहीत. ज्याला नोकरी हवी होती त्याला डॉक्टरी मिळाली, की तो डॉक्टरी करतो. त्यात त्याचे काही चुकले नाही. पण समाजाने वेगळी वाट काढून दिली ती कशासाठी, हे प्रवेशाच्या दिवशीच दोन्ही बाजूंना स्पष्ट असायला हवे.

वैद्यकीय शिक्षण चार किंवा साडेपाच वर्षांचेच का, हा आकडा ठरला कसा? आनंदीबाई जोशी १८८३मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि मार्च १८८६मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. पुढे चार वर्षे रूढ झाली आणि अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१०च्या अहवालाने त्या चौकटीवर शिक्कामोर्तब केले. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालये पाहिली. पैसे घेऊन पदव्या वाटणारी दुकाने त्यांना त्यात सापडली आणि त्यांनी ती नावानिशी उघडी पाडली. दोन वर्षे प्रयोगशाळेत, दोन वर्षे रुग्णालयात, हा त्यांचा आग्रह. शंभर वर्षांपूर्वी तो योग्यच होता, कारण तेव्हा पुष्कळ विद्यार्थी विज्ञानाचा गंधही नसताना वैद्यकीय शाळेत येत. प्रयोगशाळेतली ती दोन वर्षे त्यांच्यासाठी होती. ज्याने आपले तारुण्य प्रयोगशाळेतच घालवले, तो फ्लेक्सनर यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

नंतरही हा आकडा अनेकदा हलला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी महाविद्यालयांनी सुट्ट्या रद्द करून चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत बसवला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९मध्ये आणि पाठोपाठ कॅलगरीने तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. दोन्ही आजही तीन वर्षांचेच आहेत आणि तिथले डॉक्टर इतर कॅनेडियन डॉक्टरांपेक्षा कमी मानले जात नाहीत. अमेरिकेत १९७१च्या कायद्याने तीन वर्षांत डॉक्टर तयार करणाऱ्या महाविद्यालयांना जादा अनुदान दिले. तेव्हा बऱ्याच महाविद्यालयांनी तो मार्ग धरला आणि अनुदान आटताच बहुतेकांनी सोडला. तिथली तक्रार ध्यानात घेण्यासारखी आहे. परीक्षेचे निकाल फारसे बिघडले नव्हते. पण शिक्षक दमले, विद्यार्थी गुदमरले, आणि कुठली शाखा घ्यायची हे ठरवायला त्यांना उसंत मिळाली नाही. पैशासाठी आणि सर्वांसाठी सरसकट केलेली कपात टिकत नाही, हा त्याचा धडा. विद्यार्थी आधी काय शिकून आला आहे हे पाहून केलेली कपात वेगळी.

असा विचार ब्रिटनने केला. तिथे बारावीनंतरचा वैद्यकीय अभ्यासक्रम पाच-सहा वर्षांचा. २०००मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेसने आणि लेस्टर-वॉरिकने पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम काढला. त्या वेळी ब्रिटनला युरोपीय नियम लागू होते आणि त्या नियमांत वैद्यकीय शिक्षण तासांतही मोजले जाते. किमान ५,५०० तास. चार वर्षांच्या अभ्यासक्रमालाही हा आकडा गाठावा लागला. म्हणून वर्षे लांब झाली आणि सुट्ट्या आखूड. तासांत मोजण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. कॅलेंडर किती वेळा उलटले यापेक्षा विद्यार्थी किती वेळ शिकत होता, हे ती विचारते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानेही अलीकडे पीएच.डी. झालेल्यांसाठी तीन वर्षांची एम.डी.ची वाट काढली आहे. मायामीची दोन वर्षे तिथे तीन झाली, हेही लक्षात ठेवू.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मायामीचा नमुना जशाच्या तसा उचलून नाशिक, नागपूर किंवा मिरजेत लावता येणार नाही. अमेरिकेत एम.डी. पदवी मिळाली म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडू शकत नाही. त्याला रेसिडेन्सी करावी लागते. परवान्यासाठी किमान एक-दोन वर्षे आणि व्यवहारात तीन किंवा त्याहून जास्त. तोवर तो कुणा वरिष्ठाच्या नजरेखाली असतो. पदवी अपुरी राहिली असेल तर ती भरून निघायला पुढे जागा आहे. आपल्याकडे तशी जागा नाही. एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली, वैद्यक परिषदेत नोंदणी झाली, की तो माणूस एखाद्या तालुक्याच्या गावी स्वतःच्या सहीने औषध लिहू लागतो. पाटी लागली त्या दिवशी त्याच्यासमोर कोण येणार? विंचू चावलेले पोर, छातीत दुखणारा शेतकरी, अडलेली बाळंतीण. त्यांच्यापुढे पीएच.डी.चा प्रबंध उपयोगाचा नाही. त्यामुळे आपल्याकडे पदवीच्या आतच जे पुरे व्हायचे ते पुरे झाले पाहिजे. अमेरिकेची दोन वर्षे आपल्याला परवडणार नाहीत, आणि ती मागणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही.

खाटेजवळचा वेळ कमी करता येत नाही, हे मला एका भौतिकशास्त्रज्ञाने शिकवले. ध्वनीच्या क्षेत्रात पीएच.डी. केलेले हे गृहस्थ हृदयाच्या आवाजांची नोंद घेणाऱ्या एका उपकरणावर काम करत आणि त्यासाठी आमच्या विभागात येत. आमच्याकडे मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेली, एक रोगी होती. खेड्यातली, तिशीची बाई. लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन गेलेला. या गृहस्थांना तिच्या हृदयातली घरघर, म्हणजे मर्मर, ऐकायची होती. अरुंद झालेल्या झडपेतून रक्त जाताना प्रवाहात खळबळ कशी होते आणि आवाजाची कंपने किती असतील, हे त्यांनी मला फळ्यावर सुंदर समजावून दिले. मग मी त्या रोगी बाईला डाव्या कुशीवर वळवले, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर अलगद ठेवली, श्वास सोडून थांबायला सांगितले. “ऐकू येतंय?” त्यांनी मान हलवली. नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. त्यांची बोटे नकळत स्टेथोस्कोप दाबत. घंटा दाबली की चामडी ताणली जाते आणि ती खालच्या पट्टीतली घरघर नाहीशी होते. कितीतरी रोगी ऐकल्यानंतर, पुढच्या महिन्यात केव्हातरी, त्यांनी एका रोग्याजवळून मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मला कळले की आता ऐकू आले. ध्वनिशास्त्र त्यांना माझ्याहून शंभर पटीने येत होते. कान तयार व्हायला मात्र माझ्या विद्यार्थ्यांना लागतो तेवढाच वेळ त्यांनाही लागला.

प्लीहा हाताला लागणे, पोट कडक झाल्याचे बोटांना जाणवणे, एखाद्याच्या चेहऱ्यावरून ‘हा आज जाईल’ असे मनात येणे, मरणाची बातमी नातेवाइकांना सांगणे. हे सगळे रोगी पाहूनच येते. किती रोगी पाहिले, हा त्याचा हिशेब. या बाबतीत पीएच.डी. झालेला माणूस आणि बारावी झालेला मुलगा एकाच रेषेवर उभे असतात. कधी कधी पीएच.डी. झालेलाच मागे असतो, कारण आपल्याला कळले आहे असे त्याला लवकर वाटते.

या कल्पनेवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. त्यांतले तीन मी गंभीरपणे घेतो.

पहिला आक्षेप शॉर्टकटचा. महाराष्ट्रात या शब्दाला धार आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे देता यावीत, यासाठी २०१४मध्ये राज्यात कायदा बदलला आणि तो वाद अजून धुमसतो आहे. त्याआधी ग्रामीण भागासाठी साडेतीन वर्षांचे डॉक्टर तयार करण्याची योजना दिल्लीत निघाली, तिलाही कडाडून विरोध झाला. त्याही मागे जायचे तर १९४६च्या भोर समितीने आखूड अभ्यासक्रमाचे लायसेन्शिएट डॉक्टर बंद करून एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवायचे सुचवले. समितीतल्या काही सदस्यांनाही ते पटले नव्हते. या प्रत्येक वादात प्रश्न होता तो डॉक्टरचा दर्जा कमी करून संख्या वाढवायची का, हा. मी जे मागतो आहे त्यात दर्जा जसाच्या तसा राहतो. परीक्षा तीच, परीक्षक तेच, उत्तीर्ण होण्याचे गुण तेच. ज्याला तो विषय येतो त्याने वर्गात न बसता ती परीक्षा देऊन दाखवावी, एवढेच. नापास झाला तर वर्गात बसावे. यात कुणालाही काही फुकट मिळत नाही.

दुसरा आक्षेप जागांचा. ‘नीट’ला वीस लाखांहून अधिक मुले बसतात. एखाद्या गरीब घरातल्या हुशार मुलीची जागा तिशीतल्या संशोधकाला द्यायची का? मुळीच नाही. या जागा चालू जागांतून काढायच्या नाहीत. त्या वेगळ्या आणि मोजक्या असाव्यात, आरक्षणाचे नियम त्यांनाही लागू असावेत, आणि त्या फक्त सरकारी महाविद्यालयांत असाव्यात. खासगी संस्थांच्या हाती ही वाट गेली तर तिची किंमत कोटींत ठरेल. त्यापेक्षा ती नसलेली बरी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. एकाच माणसाने दोन्ही का शिकायचे? शास्त्रज्ञ आणि डॉक्टर शेजारी बसून काम करू शकत नाहीत का? करू शकतात, आणि त्याचा उत्तम दाखला न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातला आहे. रोझलिन यॅलो यांनी १९४५मध्ये अणुभौतिकीत पीएच.डी. मिळवली होती. सॉलोमन बर्सन हे फिजिशियन. १९५०पासून दोघांनी एकत्र काम केले. बर्सन यांनी यॅलोंना वैद्यक शिकवले, यॅलोंनी त्यांना भौतिकी. रक्तातले इन्सुलिनसारखे अत्यल्प पदार्थ मोजण्याची रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत त्यांच्या हातून जन्माला आली. बर्सन १९७२मध्ये गेले. यॅलोंना १९७७मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सीटी स्कॅन बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्डही डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते.

तेव्हा भागीदारी हाच राजमार्ग आहे, हे मला मान्य आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी डॉक्टर होऊ नये आणि बहुसंख्य डॉक्टरांनी शास्त्रज्ञ होण्याच्या भानगडीत पडू नये. पण यॅलो आणि बर्सन यांना एका रुग्णालयात दोन दशके शेजारी बसता आले. आपल्याकडे संशोधन संस्था एका आवारात आणि रुग्णालय दुसऱ्या. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाण रस्त्यावर आणि ससून स्टेशनजवळ. दोन्हीकडची माणसे एकमेकांना केव्हा भेटणार? अशा ठिकाणी दोन्ही भाषा बोलणारा एखादा माणूस असला, तरच भागीदारी जुळते. अमेरिकेने १९६४पासून एम.डी. आणि पीएच.डी. एकत्र देणारे सरकारी अर्थसाहाय्याचे कार्यक्रम चालवले ते याचसाठी. त्यांना आजही सरासरी आठेक वर्षे लागतात. १९७९मध्ये जेम्स वाइनगार्डन यांनी तिथल्या संशोधक-डॉक्टरला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्याची उपमा दिली होती. एवढा पैसा आणि एवढ्या संस्था असलेल्या देशात ही चिंता, तर आपली काय कथा!

आपल्याकडे अशी माणसे नव्हती असे नाही, पण त्यांची वाट एका बाजूनेच खुली होती. डॉ. वसंतराव खानोलकर डॉक्टर होते आणि तिथून संशोधनाकडे गेले. भारतातल्या विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. उलट बाजूने कमला सोहोनींकडे पाहा. त्या केंब्रिजहून १९३९मध्ये पीएच.डी. घेऊन आल्या, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या आणि डॉक्टर होणाऱ्या मुलींना शिकवू लागल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये आणि गरिबाच्या आहारातल्या पोषणावर काम केले. त्यांना डॉक्टर व्हायचे होते असे मी म्हणत नाही. पण होण्याची इच्छा असती, तर त्यांना पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागली असती. ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही त्या जागी आपण काही बदललेले नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त जाचक आहे. पीएच.डी. संपते तिशीच्या आसपास. संसार, मूल, वडीलधाऱ्यांचे आजारपण, सगळे त्याच दशकात येते. त्यातले वर्ष-सव्वा वर्ष वाचले, तर कुणाच्या तरी आयुष्यात डॉक्टर होणे शक्य आणि अशक्य यांतले अंतर तेवढेच असते.

मग नेमके काय करावे? माझी मांडणी अशी आहे.

जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, औषधनिर्माण किंवा जैव-अभियांत्रिकीत पीएच.डी. असलेल्यांनी अर्ज करावा. प्रबंध पाहावा, मुलाखत घ्यावी, आणि मुलाखतीत एक फिजिशियन व एक नर्स असावी. माणूस रोग्याशी बोलू शकेल का, हे नर्सला लवकर कळते. निवड झालेल्यांनी बायोकेमिस्ट्री, फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजी यांपैकी जे विषय येतात त्यांची विद्यापीठाची नेहमीची परीक्षा द्यावी, प्रात्यक्षिकासह. उत्तीर्ण झाल्यास त्या विषयाच्या वर्गातून सुटका. ॲनाटॉमीत सवलत नाही. डिसेक्शन टेबलवर प्रत्येकाने उभे राहिलेच पाहिजे, फक्त तो भाग सलग चार-पाच महिन्यांत घ्यावा. विकृतिशास्त्र पूर्ण करावे. क्लिनिकल पोस्टिंग, कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या, बाळंतपणे, प्राथमिक आरोग्य केंद्रातले काम आणि संपूर्ण एक वर्षाची इंटर्नशिप यांतला एक तासही कमी होणार नाही. या रीतीने साडेपाच वर्षांची सव्वाचार वर्षे होतात. मायामीच्या मानाने ही कपात फार थोडी आहे आणि ती जाणूनबुजून थोडी ठेवली आहे.

बदल्यात एक बंधन. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या एमबीबीएसला आजही एक वर्षाचा बाँड असतो. या विद्यार्थ्यांनी काही वर्षे सरकारी रुग्णालयात रोगीही पाहावेत आणि तिथेच संशोधनही करावे. त्यासाठी महाविद्यालयाने त्यांना आठवड्यातले ठरावीक दिवस, प्रयोगशाळेत जागा आणि पगार द्यावा. मायामीत राहून गेलेली गोष्ट हीच. नुसता बाँड लिहून घेतला आणि प्रयोगशाळेला कुलूप असले, तर ती फसवणूक ठरेल, आणि मग ते खासगी दवाखान्यात गेले तर त्यांना बोल लावता येणार नाही.

हे सगळे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंजुरीशिवाय होणार नाही, याची मला जाणीव आहे. पण प्रस्ताव राज्यातून जायला हवा. १९९८मध्ये स्थापन झालेले नाशिकचे आपले आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेते आहे. विषयवार सूट देऊन परीक्षा कशी घ्यायची, हे ठरवण्याची यंत्रणा त्यांच्याकडे आहे. एका सरकारी महाविद्यालयात, दहा जागांवर, दहा वर्षांसाठी हा प्रयोग करावा. त्या विद्यार्थ्यांचे निकाल, त्यांच्या रोग्यांचे अनुभव, पुढे ते कुठे गेले आणि त्यांनी काय केले, हे सगळे दर वर्षी छापून लोकांसमोर ठेवावे. प्रयोग फसला तर तोही तसाच छापावा आणि बंद करावा. विज्ञानातून आलेल्या माणसांसाठीची योजना विज्ञानाच्या रीतीनेच तपासली गेली पाहिजे.

या सभागृहात संशोधन करणारी तरुण मुले-मुली आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांतले शिक्षक आहेत, एक-दोन लोकप्रतिनिधीही आहेत. तरुणांना माझे सांगणे असे की, डॉक्टर व्हावेसे वाटत असेल तर आजपासून आठवड्यातून एक सकाळ जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत घालवा. तिथली गर्दी, वास, रडणे हे सहन झाले आणि तरीही पुन्हा जावेसे वाटले, तरच पुढचा विचार करा. शिक्षकांना विनंती अशी की, तुमच्या शेजारच्या खात्यातल्या बिगर-डॉक्टर सहकाऱ्याला राउंडला बोलवा. त्यासाठी कुठल्याही आयोगाची परवानगी लागत नाही. आणि जे धोरण ठरवतात त्यांना एवढेच म्हणतो, ज्याला जे येते ते त्याला पुन्हा शिकवण्यात त्याचे वय आणि आपला पैसा वाया घालवू नका. पण ज्याला जे येत नाही, ते शिकल्याशिवाय त्याला रोग्यापर्यंत पोहोचू देऊ नका. या दोन्ही गोष्टी एकाच नियमात लिहिता येतात. त्या लिहाव्यात, ही माझी मागणी आहे आणि ती मी आज तुमच्या साक्षीने करतो आहे.